खुणा नसलेलं पितळ

भंडाऱ्याची जुनी ओळख पितळेची. घागरी, गुंड, गंगाळं, पराती, समया. स्टीलनं घराघरांतली फळी काबीज केली त्याला बरीच वर्षं झाली, तरी वैनगंगेकाठच्या या शहराला अजून 'ब्रास सिटी' म्हणतात. तांबं आणि जस्त एकत्र वितळवलं की पितळ होतं, हे शाळेत सगळेच शिकतात. भांडी घडवणाऱ्याला त्यापलीकडचं ठाऊक असतं. पितळ ठोकत गेलं की कडक होतं, कडक झालेलं आणखी ठोकलं की चिरतं, म्हणून मधेमधे ते लाल होईपर्यंत तापवून पुन्हा नरम करून घ्यावं लागतं.

ट्रॉम्बोनचा भोंगा घडवणारा जर्मनीतला किंवा अमेरिकेतला कारागीर हेच करतो. पत्र्याचा तुकडा कापायचा, कडा जुळवून डाग द्यायचा, लोखंडी साच्यावर चढवून ठोकायचा, तापवायचा, पुन्हा ठोकायचा. पत्रा शेवटी साधारण अर्धा मिलिमीटर उरतो. नेहमीच्या पिवळ्या पितळेत 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. तांबं 85 किंवा 90 टक्क्यांपर्यंत नेलं तर रंग तांबूस होतो आणि आवाज मऊ येतो, असं वाजवणारे सांगतात.

आपल्याकडच्या वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम हमखास दिसतात. ट्रॉम्बोन त्या मानानं दुर्मिळ. ट्रम्पेटला तीन कळा असतात, क्लॅरिनेटला भोकं आणि चाव्या, हार्मोनियमला पट्ट्या. ट्रॉम्बोनला यातलं काहीच नाही. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, एका टोकाला ओठ लावायचा माउथपीस, दुसऱ्या टोकाला भोंगा. नळीवर कुठेही रेघ नाही, आकडा नाही. कोणता सूर कुठे आहे, हे वाजवणाऱ्यानं ऐकून ठरवायचं.

जॅझमधल्या ट्रॉम्बोनवादकाची कारकीर्द समजून घ्यायला या खुणा नसण्यापासूनच सुरुवात करावी लागते. खुणा नाहीत म्हणून कान लागतो, आणि कान पुस्तकातून तयार होत नाही. तो कुणीतरी बसवून घ्यावा लागतो. या वाद्याच्या इतिहासात वादकाइतकंच महत्त्व शिक्षकाला आलं ते यामुळे. गोव्यापासून मुंबईपर्यंत आणि तिकडे अमेरिकेतल्या इंडियानापर्यंत पितळी वाद्यांची परंपरा कुठे टिकली आणि कुठे तुटली, हे पाहिलं तरी मुळाशी शिकवणीचाच प्रश्न सापडतो.

सात जागा कशासाठी?

ट्रॉम्बोनमध्ये आवाज निर्माण होतो तो ओठांमुळे. माउथपीसवर ओठ आवळून फुंकलं की ते थरथरतात आणि नळीतली हवा त्या थरथरीला साथ देते. मात्र ती वाटेल त्या सुराला साथ देत नाही. नळीच्या लांबीनुसार ठरावीक सूरच तिला मानवतात. सरकती नळी, म्हणजे स्लाइड, पूर्ण आत असताना नेहमीच्या टेनर ट्रॉम्बोनची नळी सुमारे 2.7 मीटर भरते. हात न हलवता नुसते ओठ घट्ट करत गेलं, तर मंद्रापासून वर हे सूर मिळतात: सा, त्यावरचा प, पुन्हा सा, मग ग, प, किंचित उतरलेला कोमल नी आणि वरचा सा. तंबोरा नीट जुळला की सा आणि पच्या तारांतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो याच निसर्गनियमामुळे.

पण एवढ्या सुरांत गाणं होत नाही. सा आणि प यांच्यामधले सूर आणायचे कुठून? त्यासाठी स्लाइड. नळी लांब केली की सगळे सूर खाली उतरतात. सा ते प हे अंतर सात अर्धस्वरांचं आहे. सा आणि प दोन्ही ओठांनीच मिळतात, उरतात मधले सहा. पंचम धरून स्लाइड एकेक पायरी बाहेर नेली की क्रमानं तीव्र म, शुद्ध म, शुद्ध ग, कोमल ग, शुद्ध रे, कोमल रे येतात. मूळची एक जागा आणि या सहा, अशा सात. ट्रॉम्बोनला सातच जागा का, याचं उत्तर इतकं साधं आहे. वरच्या सप्तकांत ओठांचे सूर एकमेकांच्या जवळ येत जातात, तिथे या सात जागा पुरून उरतात.

या जागा सारख्या अंतरावर नसतात. पहिलीवरून दुसरीवर जायला स्लाइड सुमारे 8 सेंटिमीटर सरकवावी लागते, सहावीवरून सातवीवर जायला जवळपास 11. नळी जितकी लांब, तितकीच सूर उतरवण्यासाठी तिची वाढही जास्त. सातव्या जागेपर्यंत हात अर्ध्या मीटरहून जास्त पुढे जातो. शिकाऊ पोराला मास्तर दोनच आधार देतात: तिसरी जागा भोंग्याच्या काठाच्या जराशी अलीकडे, चौथी जराशी पलीकडे. बाकी सगळं कानावर.

त्यात हवामानाचीही ढवळाढवळ. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि सूर चढतो. दिल्लीच्या जानेवारीतल्या संध्याकाळी 15 अंश आणि विदर्भाच्या मे महिन्यातल्या दुपारी 45 अंश धरले, तर नुसत्या हवेच्या हिशेबानं सुरात जवळपास एका अर्धस्वराचा फरक पडतो. वाजवणाऱ्याच्या श्वासानं नळी आतून उबदार राहते, म्हणून प्रत्यक्षात तो बराच कमी होतो, पण जाणवण्याइतका उरतोच. कालची जागा आज तीच नसते. नळीवर रेघा मारून ठेवल्या असत्या तरी त्यांचा फारसा उपयोग झाला नसता.

मींड लपवणारे आणि मींड उघड करणारे

स्लाइडचा सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठी अडचण एकच आहे: सूर घसरतो. फुंक चालू ठेवून हात सरकवला की मधल्या सगळ्या श्रुती ऐकू येतात. आपण ज्याला मींड म्हणतो, ती पितळी वाद्यांत इतक्या सहजपणे फक्त ट्रॉम्बोनवर येते. तिलाही मर्यादा आहे. पहिल्या ते सातव्या जागेत सहा अर्धस्वर मावतात, त्यापुढे ओठ बदलावे लागतात आणि ओढ तुटते. पंचमापासून कोमल ऋषभापर्यंत एका श्वासात उतरता येतं, तार षड्जापासून मध्य षड्जापर्यंत नाही.

युरोपात पंधराव्या शतकापासून हे वाद्य मुख्यतः चर्चच्या गायनाला साथ करायचं. बेथोव्हेननं 1808 च्या पाचव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात त्याचा वापर केला. या परंपरेत मींड हा दोष होता. प्रत्येक सुराला जिभेचा हलका टोला द्यायचा आणि हात इतक्या झटक्यात न्यायचा की घसरण ऐकूच येऊ नये. आजही विद्यार्थ्याची पहिली काही वर्षं या लपवण्यातच जातात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांनी ही लपवलेली गोष्ट उघड्यावर आणली. तिथे बँड गाडीत बसून गावभर जाहिरात करत फिरायचे. लांब स्लाइड कुणाला लागू नये म्हणून ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर बसवायचे. तिथून तो गुरगुरत, घसरत, हसल्यासारखे सूर काढायचा. त्या शैलीचा मोठा वादक किड ओरी. त्यानंतर टेक्सासचा जॅक टीगार्डन आला. लहानपणी हात शेवटच्या जागांपर्यंत पोचत नसल्यानं तो तेच सूर ओठांच्या जोरावर जवळच्या जागांत शोधायला शिकला, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. मोठेपणी त्याचा हात जेमतेम हलताना दिसायचा आणि तान मात्र पाण्यासारखी वाहायची. 1958-59 च्या आशिया दौऱ्यात तो भारतातही वाजवून गेला.

1940 च्या दशकात जॅझची लय इतकी जलद झाली की ट्रॉम्बोन मागे पडणार, असं वाटू लागलं. सॅक्सोफोनच्या चाव्यांशी सरकती नळी स्पर्धा करणार कशी? इंडियानापोलिसच्या जे. जे. जॉन्सननं ती केली. त्याचा एकेक सूर इतका स्वच्छ आणि सुटा असायचा की पुष्कळांना तो कळांचा ट्रॉम्बोन वाजवतोय असं वाटायचं. जर्मनीच्या आल्बर्ट मांगेल्सडॉर्फनं वेगळीच वाट काढली. एक सूर वाजवायचा आणि त्याच वेळी दुसरा घशातून गायचा. दोन्ही कंपनं नळीत भेटली की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे आणखी सूर उमटतात आणि एकटा माणूस पूर्ण स्वरसंघ (कॉर्ड) वाजवतो. 1964 मध्ये तो आपल्या पथकासह आशियात फिरला. त्या दौऱ्यानंतरच्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेत रविशंकर यांच्या सुरावटीवर बेतलेली एक रचनाही आहे.

गोव्याची शाळा, मुंबईचा रोजगार

आपल्याकडे या पितळी परंपरेचं पहिलं विद्यापीठ म्हणजे गोव्यातल्या चर्चच्या पॅरिश शाळा. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चना जोडलेल्या या शाळांत मुलांना सोल्फा, म्हणजे स्वरलेखन वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. शिकवणाऱ्याला मेस्त म्हणत. प्रार्थनेच्या वेळी तोच गायकवृंद सांभाळायचा आणि सणाला बँडही तोच उभा करायचा. कागदावरचं स्वरलेखन पाहताक्षणी वाजवता येणं ही तिथे सर्वसाधारण गोष्ट होती. शेती तोकडी, रोजगार कमी. मग कागद वाचता येणारी ही पोरं मुंबई, कराची, कलकत्ता, लाहोर, जिथे बँड लागे तिथे गेली.

मुंबईत त्यांना जॅझ भेटला. 1935 च्या सुमारास लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या शेजारी बसून गोव्याच्या वादकांनी कागदावर नसलेल्या गोष्टी उचलल्या: लय किंचित मागे कशी रेटायची, सूर कुठे वाकवायचा, ठरलेल्या चालीवर आयत्या वेळी नवं कसं रचायचं. मिकी कोरिया यांचा बँड 1939 पासून जवळपास दोन दशकं ताजमध्ये वाजत होता. आल्दोना गावचे आंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावानं ट्रम्पेट वाजवायचे; लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

मग 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतल्या नाचगाण्याचा जोर ओसरला आणि वादकांनी चित्रपटांच्या स्टुडिओकडे मोर्चा वळवला. तिथे त्यांची गाठ पडली नागपुरात घडलेल्या एका मराठी संगीतकाराशी. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. पुणतांब्याचा जन्म, नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचं शिक्षण. रागसंगीताचा पक्का पाया घेतलेल्या या माणसानं चिक चॉकलेटसारख्या वादकांना हाताशी धरलं आणि हिंदी गाण्यात पाश्चात्त्य नाचाची लय बिनदिक्कत आणली. 1951 च्या 'अलबेला'त चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरसुद्धा दिसतो. विदर्भातल्या ज्या पिढीनं ही गाणी गुणगुणली, तिनं जॅझ ऐकला होता. फक्त त्याला ती जॅझ म्हणत नव्हती.

चित्रपटसंगीताच्या या कारखान्यातला कळीचा माणूस होता अरेंजर. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, अरेंजर ती स्वरलेखनात उतरवायचा आणि प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिहायचा. फाळणीपूर्वी लाहोरात बँड चालवणारे सॅबेस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं हेच करत होते. व्हायोलिनच्या थव्यामागून उसळणारे ट्रम्पेट आणि त्यांना खालून आधार देणारा ट्रॉम्बोन हा त्या लेखनाचा भाग. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ब्लास्को मोन्सोरात यांचा ट्रॉम्बोन वाजला. त्या काळातली भरगच्च पितळी गाणी पुन्हा ऐकताना ट्रम्पेटच्या खाली कान लावा. जो जाड, किंचित खरबरीत सूर गाण्याला बूड देतो, तो ट्रॉम्बोन.

वादकाच्या जगण्याच्या दृष्टीनं ही नोकरी नव्हती. दिवसा स्टुडिओत रेकॉर्डिंग, रात्री क्लबात बँड, रविवारी चर्च किंवा लग्न. पैसे त्या त्या बैठकीचे. ध्वनिमुद्रिकेवर नाव संगीतकाराचं आणि गायकाचं, वादकाचं कुठेच नाही. हातानं लिहिलेले ते कागदही फार थोडे जपले गेले. गाणं रेकॉर्ड झालं की कागदाचं काम संपलं, असाच सगळ्यांचा समज होता.

गुरू एकटा पडला की

या जगात शिकवणीला किती किंमत होती, हे अँथनी गोन्साल्विस यांच्या आयुष्यावरून कळतं. 1927 चा जन्म, गोव्यातलं माजोर्डा गाव, वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख. किशोरवयातच ते मुंबईत येऊन व्हायोलिन वाजवू लागले, पुढे अरेंजर झाले आणि घरी शिकवण्या घेऊ लागले. प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रम्पेटवादक होते आणि त्यांनीही अनेक मुलांना स्वरलेखन शिकवून पोटाला लावलं होतं.

1958 मध्ये गोन्साल्विस यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम झाला. रागांवर आधारलेल्या, पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचना, आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे. स्टुडिओत निनावी वाजवणारे वादक त्या दिवशी लोकांसमोर बसले होते. पण मागे संस्था नव्हती, नियमित पैसा नव्हता, त्यांच्यानंतर शिकवील अशी दुसरी फळी नव्हती. 1965 मध्ये ते अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, पुढे गावी परतले आणि 2012 मध्ये वारले. देशाला त्यांचं नाव ठाऊक आहे ते 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे. शिष्य प्यारेलाल यांनी गाण्यात गुरूचं नाव गुंफलं म्हणून.

1980 नंतर सिंथेसायझर आला. तो चार ट्रम्पेट आणि दोन ट्रॉम्बोन एका बोटावर वाजवू लागला. साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद परवडेनासा झाला आणि स्टुडिओचा दरवाजा हळूहळू बंद होत गेला. ज्यांचं सगळं ज्ञान ओठांत आणि कानांत होतं, ते वादक म्हातारे झाले. त्यांच्या मुलांनी वेगळे व्यवसाय धरले. दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारणं सोपं आहे, पण अमेरिकेतही सिंथेसायझर आलाच होता. तिथे जॅझ नाइटक्लबमधून उठला, तोवर त्याला बसायला दुसरी जागा तयार झाली होती.

डेव्हिड बेकर: हातातून वाद्य गेलं तेव्हा

ती जागा तयार करणाऱ्यांत एक ट्रॉम्बोनवादकच होता. डेव्हिड बेकर, जन्म 21 डिसेंबर 1931, गाव इंडियानापोलिस. शाळा क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल. 1927 मध्ये कृष्णवर्णीय मुलांना वेगळं काढण्यासाठी उघडलेली. झालं भलतंच: विद्यापीठांची दारं बंद असलेले उच्चशिक्षित कृष्णवर्णीय शिक्षक या शाळेत येऊन शिकवू लागले. जे. जे. जॉन्सन याच शाळेचा. एकाच गावातून ट्रॉम्बोनचे इतके मोठे वादक निघाले, त्यामागे शाळेच्या बँडची खोली आणि तिथले मास्तर होते.

बेकरनं इंडियाना विद्यापीठातून 1953 आणि 1954 मध्ये संगीताच्या पदव्या घेतल्या. सिम्फनी वाद्यवृंदांत कृष्णवर्णीयांना त्या काळी जवळपास वाव नव्हता. मिसूरीतल्या एका महाविद्यालयातली शिक्षकाची नोकरी आंतरवंशीय लग्नामुळे गेली. संगीतकार जॉर्ज रसेलच्या पथकात त्याचा ट्रॉम्बोन गाजू लागला. 1961 च्या 'एझ-थेटिक्स' या ध्वनिमुद्रिकेत तो ऐकायला मिळतो. पण 1953 मध्ये मोटार अपघातात जबड्याला झालेली इजा हळूहळू बळावत गेली. ट्रॉम्बोनवादकाचे ओठ, गाल आणि जबडा म्हणजे गायकाचा गळा. 1962 च्या सुमारास त्याला वाद्य खाली ठेवावं लागलं, नेमकं नाव होत असतानाच. तो चेलोकडे वळला, रचना करू लागला आणि शिकवण्यात सगळं आयुष्य ओतलं.

1968 ते 2013 अशी पंचेचाळीस वर्षं तो इंडियाना विद्यापीठाच्या जॅझ विभागाचा प्रमुख होता. तोवर जॅझ शिकायचा म्हणजे रात्री क्लबात बसायचं, ध्वनिमुद्रिका झिजेपर्यंत ऐकायची आणि कुणी मोठा कलावंत मेहेरबान झाला तर दोन गोष्टी पदरात पाडून घ्यायच्या. बेकरनं मोठ्या वादकांचे उत्स्फूर्त तुकडे लिहून काढले, त्यांतली युक्ती शोधली आणि ती विद्यार्थ्याला पायरीपायरीनं शिकवता येईल अशा पुस्तकांत मांडली.

त्यातली एक युक्ती आपल्या सरगमीत सहज कळते. चार मात्रांचं आवर्तन घ्या आणि मात्रेला दोन सूर धरा, म्हणजे आठ जागा. खमाज थाटाचं सप्तक वरून उतरत म्हटलं, सा, कोमल नी, ध, प, म, ग, रे, तर सातच सूर भरतात. आठव्या जागेवर पुन्हा सा येतो आणि पुढच्या आवर्तनात सगळं एक घर सरकतं. बीबॉपचे, म्हणजे 1940 च्या दशकातल्या त्या जलद जॅझचे, वादक सा आणि कोमल नी यांच्यामध्ये शुद्ध नी घालायचे. आता क्रम होतो सा, शुद्ध नी, कोमल नी, ध, प, म, ग, रे. ठोक्यावर कोण आले पाहा: सा, कोमल नी, प, ग. त्या स्वरसंघाचे चारही आधारसूर बरोबर मात्रेवर, आणि बाकीचे सगळे मधल्या जागांवर. तान कितीही वेगानं गेली तरी तिच्यातून स्वरसंघ ऐकू येत राहतो. मोठे वादक हे कानानं करत होते. बेकरनं त्याला 'बीबॉप स्केल' हे नाव रूढ करून दिलं आणि वर्गातल्या प्रत्येक पोराच्या हाती ठेवलं. खमाजात दोन्ही निषाद ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला त्यात परकं काही वाटू नये.

ट्रम्पेटवादक रँडी ब्रेकर, ड्रमवादक पीटर अर्स्किन, कंत्राबासवादक जॉन क्लेटन हे त्याच्या हाताखालून गेलेले. त्याचा सहकारी जेमी एबरसोल्डनं 1967 पासून साथीच्या ध्वनिमुद्रिका काढल्या: पियानो, बास आणि ड्रम वाजतात, मुख्य वादकाची जागा मोकळी, ती घरी बसलेल्या विद्यार्थ्यानं भरायची. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्याला पहिल्यांदाच साथीदार मिळाले. 2000 मध्ये बेकरला अमेरिकेचा जॅझ मास्टर हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. 26 मार्च 2016 रोजी तो वारला, तेव्हा त्याला ट्रॉम्बोन सोडून अर्धशतक उलटलं होतं.

त्याच पिढीतल्या मेल्बा लिस्टनचंही नाव इथे घ्यायला हवं. पुरुषांच्या बँडांत ट्रॉम्बोन वाजवणारी आणि त्यांच्यासाठी वाद्यमेळ लिहिणारी ही कृष्णवर्णीय बाई 1970 च्या दशकात काही वर्षं जमैकाला जाऊन राहिली आणि तिथल्या संगीतशाळेत लोकप्रिय संगीताचा विभाग चालवला. गोन्साल्विस यांच्या अंगचे गुण बेकर किंवा लिस्टन यांच्यापेक्षा कमी होते असं नाही. बेकरला पगार, वर्गखोली, ग्रंथालय आणि पुढचा शिक्षक नेमण्याचा अधिकार मिळाला. गोन्साल्विस यांच्याकडे घरातली बैठकीची खोली होती.

विदर्भातून रस्ता कुठे जातो?

आज भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या एखाद्या मुलीला ट्रॉम्बोन शिकायचा असेल, तर सगळ्यात जवळचे पत्ते लष्करी आहेत. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, आणि सातपुड्यात पचमढीला सैन्याची मिलिटरी म्युझिक विंग, जिथे सैन्यदलांच्या बँडवाल्यांना स्वरलेखनापासून संचालनापर्यंत सगळं पद्धतशीर शिकवलं जातं. 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, तेव्हा संचलन करणाऱ्या बँडची पहिली रांग पाहा. स्लाइडला पुढे मोकळी जागा लागते म्हणून ट्रॉम्बोनवाल्यांना सहसा पुढेच ठेवतात. पणजीत आंतोनियो द फिगेरेदो यांनी 1952 मध्ये स्थापलेली संगीत अकादमी पुढे कला अकादमीत सामावली आणि पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण तिथे सुरू आहे. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेच्या आश्रयानं 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा आहे.

पत्ते आहेत, पण लांबचे. जवळ काय आहे, तेही मोजायला हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात, गाणी प्रत्यक्ष वाजवली जातात आणि लोक तिकीट काढून ऐकतात. 2023 मध्ये याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. जिवंत वाद्यसंगीतावर पोट भरता येतं, हे मुंबईच्या स्टुडिओंनी गमावलेलं वास्तव इथे अजून शिल्लक आहे. शिवाय गावोगाव भजनी मंडळं आहेत. लहानपणापासून पेटीच्या सुरात सूर मिळवून गायलेल्या पोराला ट्रॉम्बोनचा निम्मा अभ्यास आधीच झालेला असतो. जगभरचे चांगले ट्रॉम्बोनशिक्षक विद्यार्थ्याला आधी ओळ गाऊन दाखवायला लावतात. जो सूर मनात स्पष्ट नाही, तो हाताला नळीवर सापडत नाही.

उरतात दोन गोष्टी: ओठांची तालीम आणि स्वरलेखनाचं वाचन. दोन्ही एक जाणता शिक्षक शाळेच्या एका खोलीत, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, काही वर्षांत बसवू शकतो. वाद्य सगळ्यात सोपी अडचण आहे. मेरठच्या जाली कोठीत नादिर अली यांनी 1885 मध्ये सुरू केलेल्या पेढीपासून पितळी वाद्यांचा व्यापार चालत आला आहे, आणि पितळेला आकार देणारे हात भंडाऱ्याला नवे नाहीत. लष्करी किंवा पोलीस बँडमधून निवृत्त होऊन गावी परतलेला एखादा वादक शोधावा, त्याला पेन्शनवर मानधन द्यावं आणि वर्ग उघडावा. जिल्हा परिषदेच्या एका शाळेला एवढं जमलं, तरी गोव्याच्या मेस्तनं जे केलं ते इथे पुन्हा सुरू होईल. मात्र पहिल्याच वर्षी त्या शिक्षकाच्या हाताखाली पुढचा शिक्षक तयार करायला घ्यावा लागेल. मुंबईत नेमकं तेच राहून गेलं.